पीएसए विचारलात, झोपेचं काय?

प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या माणसाचं घर रक्ततपासणीतल्या एका आकड्याभोवती फिरू लागतं. पीएसए किती आला? दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्ट आणायचा, आकडा मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग मुलाने तो डॉक्टरांना दाखवायचा. आकडा खाली आला की आनंदीआनंद, थोडा वर सरकला की सगळ्यांचे चेहरे उतरलेले. या आकड्याचं महत्त्व कोणी नाकारत नाही. पण या सगळ्या धावपळीत ‘रात्री झोप लागते का?’ हे विचारायचं राहूनच जातं. कोणी विचारलंच, तर उत्तर पुरतं ऐकून घेण्याआधी गोळी लिहून झालेली असते.

माझा मुद्दा सरळ आहे. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये झोप हा किरकोळ तक्रारींच्या यादीत शेवटी टाकण्याचा विषय नाही. पुरुष रुग्णाच्या मनात काय चाललंय हे कळण्याचा तो सर्वांत सोपा आणि पुष्कळदा एकमेव मार्ग आहे. ‘वय झालं, आता एवढी झोप कुठली’ असं म्हणून तो आपण बंद करून टाकतो. डॉक्टर करतात, घरचे करतात आणि सगळ्यांच्या आधी रुग्ण स्वतः करतो.

साठी-सत्तरीतला मराठी पुरुष ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. पण ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’ हे तो बँकेच्या रांगेत अनोळखी माणसालाही सांगतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. हे काही आपल्याकडचंच वैशिष्ट्य नव्हे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सर रुग्णांच्या मनासाठी अनेक दशकं काम केलं. त्यांच्या आणि डॉ. अँड्र्यू रॉथ यांच्या गटापुढे हीच अडचण होती : वयस्कर पुरुष मनाबद्दल बोलायलाच तयार नसत. मग त्यांनी कागदावर थर्मामीटरचं चित्र काढलं, शून्य ते दहा अंशांचं, आणि त्रास किती अंशावर आहे तेवढी खूण करायला सांगितली. या युक्तीचा पहिला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, तो प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरचा होता. आज सगळ्याच कॅन्सरांत, कितीतरी देशांत, हे साधन वापरलं जातं. ते मुळात प्रोस्टेटवाल्या अबोल पुरुषांना बोलतं करण्यासाठी निघालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या थर्मामीटरशेजारी अडचणींची एक यादी छापलेली असते. तिच्यात झोपेला स्वतंत्र जागा आहे.

अबोलपणा किती खोल असू शकतो याचे दाखले सत्तेच्या शिखरावरही सापडतात. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ १९८१ च्या मे महिन्यात निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांना हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं निदान झालं. आपल्या प्रकृतीबद्दल नियमित जाहीर निवेदन देण्याचं वचन त्यांनीच दिलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं त्या निवेदनांतून हा आजार गायब होता. १९९२ साली शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुठे देशाला कळलं. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी तर डिसेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, गुंतागुंत होऊन जानेवारीत अतिदक्षता विभागात दाखल झाले, आणि काही दिवस खुद्द राष्ट्राध्यक्षांना त्याचा पत्ता नव्हता. नंतर पत्रकारांपुढे त्यांनी माफी मागितली. निदानाने आपण हादरलो आणि ही गोष्ट स्वतःपुरतीच ठेवावी असं पहिल्यांदा वाटलं, असं त्यांनी कबूल केलं. ज्याच्या हाताखाली जगातलं सर्वांत बलाढ्य सैन्य, त्या माणसाची ही गत. मग आपल्या गल्लीतल्या निवृत्त कारकुनाने ‘ठीक आहे’च्या पलीकडे काही बोलावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

आपल्याकडच्या ओपीडीत काय होतं? टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे दोन खुर्च्या. एकीवर रुग्ण, दुसरीवर फाईल घेतलेला मुलगा किंवा जावई. बायको बाहेर बाकावर, पिशव्या सांभाळत. “काय काका, कसं काय?” “ठीक आहे.” पुढचं सगळं मुलगा बोलतो. बाबांची भूक चांगली आहे, सकाळी फिरायला जातात, गोळ्या वेळेवर घेतात. मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला रात्रीचं ठाऊकच नसतं, तो आतल्या खोलीत दार लावून झोपलेला असतो. ठाऊक असतं ते बाहेर बसलेल्या बाईला. किती वेळा दिवा लागला, बनियन किती वेळा बदलला, पहाटे कितीला उठून ते खिडकीपाशी जाऊन बसले, याची खडानखडा माहिती तिच्याकडे असते. तिला आत बोलावण्याची पद्धत नाही.

रात्री उठवणाऱ्या गोष्टी एकाच जातीच्या नसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. ‘झोप लागत नाही’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे त्रास दडलेले असतात.

पहिला मूत्राशयाचा. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. ती वाढली तरी लघवीला वारंवार जावं लागतं आणि तिच्यावर उपचार केले तरी जावं लागतं. रेडिएशन घेतलं, म्हणजे आपल्या रुग्णांच्या भाषेत ‘लाइट’ घेतली, की मूत्राशयाला दाह होतो आणि लघवी धरवत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही महिने लघवी गळते, पॅड वापरावे लागतात, अंथरूण ओलं होईल या धास्तीनेच डोळा लागत नाही. वयाबरोबर रात्रीची लघवी वाढते ती वेगळीच. आता हे गिरणगावातल्या चाळीत कसं घडतं ते बघा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपलेली. संडास गॅलरीच्या टोकाला. म्हाताऱ्याला नातवंडांच्या अंगावरून पाय टाकत, कडी न वाजवता दार उघडत जायचं असतं, तेही रात्रीतून चार वेळा. दुसऱ्या दिवशी सून काही म्हणत नाही, पण तो मनातल्या मनात ऐकतो. मग तो संध्याकाळपासून पाणीच तोडतो. अख्ख्या दिवसाचं पाणी कमी झालं की बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते आणि झोप आणखी उडते. उशाशी ठेवायचं प्लॅस्टिकचं यूरिन पॉट हा यावरचा उपाय आहे. तो कोणी सुचवत नाही आणि सुचवला तर पुरुषाला लाज वाटते. ब्लडप्रेशरची ‘पाण्याची गोळी’ संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारला तरी कित्येकांच्या दोन फेऱ्या वाचतील. संध्याकाळी सातचा चहा बंद करणं मात्र त्याच्याच हातात आहे, आणि तेवढंच त्याला जड जातं.

दुसरा त्रास हार्मोनच्या उपचाराचा. शिकागोचे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासोबत १९४१ साली दाखवून दिलं, की पुरुषी हार्मोन तोडलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आटतो. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं आणि आजही, आठ दशकांनंतर, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा पाया हाच उपचार आहे. इंजेक्शनं महिन्याची, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची मिळतात. ज्यांना तो खर्च परवडत नाही ते वृषण काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतात, कारण ती एकदाच करावी लागते. आपल्याकडे बरेच रुग्ण आजार पसरल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतात, त्यामुळे हा उपचार पुष्कळांच्या वाट्याला येतो. तो आयुष्य वाढवतो, हे निर्विवाद. पण टेस्टोस्टेरॉन गेलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंगातली उष्णता किंचित वाढली तरी ते धोक्याची घंटा वाजवतं. छातीतून वाफ निघाल्यासारखी होते, चेहरा तापतो, घाम फुटतो आणि पाचेक मिनिटांत थंडी वाजू लागते. हार्मोनचा उपचार घेणाऱ्या दहांतल्या सात-आठ पुरुषांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो.

गंमत अशी (गंमत म्हणायचं जिवावर येतं), की घरात या विषयातली जाणकार व्यक्ती शेजारीच झोपलेली असते. पाळी जाताना हेच सगळं तिने पाचेक वर्षं भोगलेलं असतं. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि आता नवऱ्याला तेच होतंय हे तो तिला सांगत नाही. ‘बायकांचा त्रास’ आपल्याला व्हावा याचा संकोच त्याला घामापेक्षा जास्त छळतो. यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारून घेता येतात. सुती चादर, कमी मसाल्याचं रात्रीचं जेवण, पंखा यांनीही फरक पडतो. पण विचारायला आधी हा त्रास औषधामुळे होतो हे ठाऊक हवं ना!

हीच गोष्ट रडू येण्याची. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला, यात्रेच्या गर्दीत आवाज चढवून गाडी रांगेला लावलेला माणूस टीव्हीवरची मालिका बघताना डोळे पुसू लागतो. नातवाने शाळेतलं गाणं म्हटलं तरी गळा दाटून येतो. त्याला वाटतं, आपण खचलो. घरच्यांना वाटतं, बाबा हळवे झाले, आता यांच्यापुढे आजाराचं बोलायचं नाही. सगळेच गप्प. हार्मोन घटल्यावर भावना अशा काठावर येतात, मनाला उदासीही ग्रासू शकते, हे इंजेक्शन टोचण्याआधी दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मळमळ होईल, थकवा येईल, हाडं ठिसूळ होतील हे सांगतात. रडू येईल हे सांगत नाहीत. ॲबिराटेरोन या औषधासोबत स्टिरॉइडची गोळी असते, ती रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर दोन वाजता टक्क जाग येऊ शकते. हे सांगायलाही कोणाला वेळ नसतो.

आणि भीती. पीएसएच्या तपासणीचा आठवडा म्हणजे दहावीच्या निकालाचा आठवडा, फरक एवढाच की हा निकाल वर्षातून चारदा लागतो. ज्यांचा आजार मर्यादित आहे, ज्यांना डॉक्टरांनी ‘सध्या फक्त लक्ष ठेवू’ असं सांगितलंय, तेही या आठवड्यात जागे असतात. खरं तर त्यांच्या बाजूने भक्कम आकडे आहेत. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या चाचणीत प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसती देखरेख. पंधरा वर्षांनंतर, २०२३ साली निकाल जाहीर झाले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत शंभरांत तीनच्या आसपास. हा आकडा डॉक्टर सांगतात आणि त्यांना वाटतं की रुग्णाची काळजी मिटली. पण रात्री दोन वाजता माणूस स्वतःला त्या तिघांतच मोजतो. आकडेवारी डोक्याला पटते. अंथरुणावर पडलेल्या माणसाला हवं असतं ते हे सगळं कोणापाशी तरी मोकळेपणाने बोलता येणं.

याच्या बदल्यात त्याला गोळी मिळते. झोपेच्या गोळ्यांना माझा सरसकट विरोध नाही. निदान झाल्यावरचे पहिले काही दिवस, शस्त्रक्रियेची आदली रात्र, तीव्र वेदना, अशा वेळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी मोलाची असते. माझा आक्षेप आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या अल्प्राझोलामच्या पट्टीला, जी एकदा कोणीतरी लिहून दिली आणि मग कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ओळखीवर मिळत राहिली. हार्मोनच्या उपचाराने हाडं आधीच ठिसूळ झालेली. रात्री तीन-चारदा उठणं चालूच. त्यात गोळीची गुंगी. पंचाहत्तरीचा माणूस अंधारात मोरीच्या उंबऱ्याला अडखळतो आणि खुब्याचं हाड मोडतं. कॅन्सरपेक्षा ते हाडच त्याला आधी अंथरुणाला खिळवतं. शिवाय गोळीने मूत्राशय शांत होत नाही, घामही थांबत नाही आणि भीती तर सकाळी जशीच्या तशी उशाशी बसलेली असते. ‘झोप लागत नाही’ या वाक्यातून एक संवाद सुरू होऊ शकला असता, तो गोळीने तिथेच संपवला.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली स्पष्ट शिफारस केली, की प्रौढांच्या दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसावा, वर्तनोपचार असावा. ही पद्धत ऐकायला उलटी वाटते. झोप येत नाही म्हणून माणूस नऊलाच अंथरुणात शिरतो आणि सकाळी सातपर्यंत कुशी बदलत राहतो. वर्तनोपचार सांगतो, अंथरुणातला वेळ कमी करा. खरी झोप सहा तास होत असेल तर आधी तेवढाच वेळ अंथरुणात घालवा, अकराला जा, पाचला उठा, रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ मोडू नका. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. दुपारची डुलकी आवरा. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली सहा-आठ बैठकांत अनेकांची घडी बसते. कॅन्सरच्या रुग्णांमध्येही ही पद्धत उपयोगी पडल्याचं दिसलंय. अर्थात नऊला झोपण्यामागे फक्त कंटाळा असतो असं नाही, एका खोलीच्या घरात दिवा मालवला की सगळ्यांनाच झोपावं लागतं. उपचार सांगणाऱ्याला ते घर ठाऊक असलं पाहिजे.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप मला पाठ आहे, आणि तो खोटा नाही. ओपीडीत शंभर रुग्ण, प्रत्येकाला चार मिनिटं, त्यात आम्ही झोपेच्या गप्पा मारायच्या? भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार नवे प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण नोंदले जातात. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार जगातली वार्षिक संख्या २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल. गर्दी वाढणारच. पण माझं म्हणणं सर्जनने समुपदेशक व्हावं असं मुळीच नाही. वजन आणि ब्लडप्रेशर जी सिस्टर घेते तिनेच आणखी तीन प्रश्न विचारावेत : रात्री किती वेळा उठता, कशामुळे उठता, आणि परत झोप लागते की विचार सुरू होतात? दीड मिनिटाचं काम. लघवीसाठी उठणारा युरोलॉजिस्टकडे जाईल, घामाने उठणाऱ्याचं औषध बदलता येईल, आणि ज्याचे विचार थांबत नाहीत त्याला मानसोपचाराकडे पाठवता येईल. मोठ्याने घोरणारा असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याची, तपासणी होईल, तोही या वयात सर्रास सापडतो. आज हे सगळेजण एकाच गोळीवर घरी जातात.

उलट बाजूचा एक धोकाही सांगायला हवा. झोपेचं महत्त्व पटलं की आपण तिचं कर्तव्य करून टाकतो. मनगटावरचं घड्याळ सकाळी सांगतं, गाढ झोप बेचाळीस मिनिटं, आणि माणूस दिवसभर त्या बेचाळीस मिनिटांची चिंता वाहतो. पीएसए काय कमी होता म्हणून हा दुसरा आकडा! ‘झोपला नाहीत तर प्रतिकारशक्ती जाईल, कॅन्सर बळावेल’ असं सांगणारे हितचिंतक तर प्रत्येक सोसायटीत आहेत. हे ऐकल्यावर कोणाला झोप येईल? ‘नामस्मरण करा, आपोआप डोळा लागेल’ हेही तसंच. ज्याचा जीव नामात रमतो त्याला त्यातून निवांतपणा मिळतो, मिळू द्यावा. पण ज्याला जप करूनही झोप आली नाही, त्याला आपली श्रद्धाच कमी पडली असं वाटू लागतं. सकारात्मक विचारांच्या आग्रहाचंही हेच होतं. आजारी माणसाला भ्यायची मोकळीक हवी.

हे सगळं चैनीचं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २००९ सालच्या अभ्यासात, प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झाल्यानंतरच्या काळात, विशेषतः पहिल्या आठवड्यात, आत्महत्येचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला. पहिल्या आठवड्यात अजून उपचार सुरूही झालेले नसतात, घरात नुसता कागद आलेला असतो. त्याच आठवड्यात नातेवाईक बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन हॉस्पिटलं पालथी घालत असतात, आणि माणूस घरी एकटा असतो. त्याच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं. मन फारच काळवंडलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वाचकांपैकी कोणाच्या घरी प्रोस्टेटचा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीआधी एवढं करा. आठवडाभर, घड्याळाचा हट्ट न धरता, रात्री किती वेळा उठणं झालं आणि कशामुळे, हे साध्या कागदावर लिहून ठेवा. हे काम त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीकडे द्या, आणि तिचीही झोप मोडतेय हे त्याच कागदावर लिहा. तो कागद फाईलमध्ये पीएसएच्या रिपोर्टच्या वर लावा. आणि त्या दिवशी मुलाला बाहेर बसू द्या, आईला आत पाठवा.